निविदेतून आलेली जाण

2007 साली शाश्वत विकासासाठी काम करणाऱ्या उद्योगांच्या जागतिक परिषदेने इमारतींच्या ऊर्जावापराबद्दल एक पाहणी प्रसिद्ध केली. आठ देशांत झालेल्या या पाहणीत भारतही होता, आणि प्रश्न विचारले होते ते वास्तुविशारद, अभियंते, विकासक, कंत्राटदार अशा बांधकामाशी रोजचा संबंध असणाऱ्यांना. जगातल्या एकूण कार्बन उत्सर्जनात इमारतींचा वाटा किती, या प्रश्नावर त्यांचे सरासरी उत्तर आले 19 टक्के. अहवालाच्या हिशेबाने तो सुमारे 40 टक्के होता. हरित पद्धतीने बांधायचे तर खर्च किती वाढतो, याला उत्तर आले 17 टक्के. अहवालाने दाखवलेला आकडा 5 टक्क्यांच्या आसपास होता. हरित इमारत हा शब्द ऐकलेले लोक भरपूर होते, तशी इमारत प्रत्यक्ष उभारण्यात ज्यांचा हात लागला होता असे मात्र थोडे होते. जाणकार म्हणवणाऱ्यांनीच तोटा तिपटीहून अधिक आणि जबाबदारी निम्म्याने कमी धरली होती. आपल्याकडच्या हरित मानांकनांचा इतिहास मी या तफावतीतून वाचतो. माझे म्हणणे असे की या मानांकनांनी बांधकाम व्यवसायाला नवे ज्ञान फारसे दिले नाही, कारण ते ज्ञान आधीपासून होते. मानांकनांनी त्या ज्ञानाला एस्टिमेटमध्ये, निविदेत आणि मंजुरीच्या फायलीत जागा मिळवून दिली. अशी जागा जिथे मिळाली तिथे जाण आली आणि तिचा लाभही दिसला. कागद जिथे संपला तिथे जाणही थांबली.

ज्ञान आधीपासून होते याला पुरावे हवे तेवढे आहेत. पुण्याच्या जुन्या वाड्यांचे दगडी जोते, सागवानी चौकट, वीट-मातीच्या जाड भिंती आणि मधला चौक ही रचना उन्हाळ्यात घर थंड ठेवण्याचा अनुभवसिद्ध उपाय होती, हे कुणाही वास्तुविशारदाला सांगावे लागत नाही. आधुनिक साहित्यातही हे जमते, याचा दाखला पुदुच्चेरीत आहे. 1937 साली काम सुरू झालेले तिथले गोलकोंड हे वसतिगृह काँक्रीटचे आहे, तरी पूर्ण उंचीच्या हलत्या झडपांमुळे ते वातानुकूलनावाचून राहण्याजोगे झाले. रुडकीची केंद्रीय इमारत संशोधन संस्था 1947 पासून उष्णतारोधन, वायुवीजन आणि स्वस्त साहित्य यांवर काम करत आली. केरळात लॉरी बेकर यांनी जाळीदार वीटकाम आणि पोकळी ठेवून रचलेल्या भिंती यांतून खर्च आणि उष्णता दोन्ही कमी करून दाखवले. 1987 साली भारतीय मानक ब्युरोने इमारतींच्या कार्यात्मक गरजांवर एक जाडजूड मार्गदर्शक ग्रंथ काढला. सूर्याची दिशा, खिडकीवरच्या छज्ज्याची लांबी, वाऱ्याचा झोत, भिंतीतून आत येणारी उष्णता हे सगळे त्यात तक्त्यांसह दिले आहे. हा ग्रंथ महाविद्यालयांच्या ग्रंथालयांत होता. साइटवर मात्र तो क्वचितच पोचला.

असे का झाले याचे उत्तर आपल्या बांधकाम व्यवसायाच्या घडणीत आहे. 1854 साली सार्वजनिक बांधकाम खाते स्थापन झाले, आणि त्याच वर्षी पुण्यात त्या खात्याला लागणारी हाताखालची माणसे तयार करण्यासाठी अभियांत्रिकीचा वर्ग निघाला. त्यातूनच पुढे अभियांत्रिकी महाविद्यालय उभे राहिले. म्हणजे या प्रांतात स्थापत्य अभियंता हा माणूस जन्माला आला तोच खात्याच्या गरजेतून. त्याचे शिक्षण, बढती आणि प्रतिष्ठा दरसूची, मोजमाप पुस्तिका आणि एस्टिमेट यांच्याभोवती फिरत राहिली. या व्यवस्थेचे गुण मोठे आहेत. तिने हजारो मैलांचे रस्ते, कालवे आणि इमारती चोख हिशेबाने उभ्या केल्या. पण तिचा एक अलिखित नियम असा की जे दरसूचीत नाही ते एस्टिमेटमध्ये येत नाही, आणि जे एस्टिमेटमध्ये नाही ते साइटवर होत नाही. पश्चिमेकडची खिडकी लहान ठेवली तर तीस वर्षांत किती वीज वाचेल, या प्रश्नाला त्या कागदांत रकानाच नव्हता. वीजबिल भरणारा वेगळा आणि इमारत बांधणारा वेगळा. खाजगी बांधकामात ही फारकत आणखी रुंद होती, कारण सदनिका विकून विकासक मोकळा होत असे आणि उन्हाने तापणारी भिंत घेणाऱ्याच्या वाट्याला जात असे. अशा स्थितीत वास्तुविशारदाला सगळे ठाऊक असूनही त्याचे ज्ञान हौसेच्या पातळीवर राहिले. एखादा समंजस मालक भेटला तर ते वापरायचे, नाही तर चारचौघांसारखे बांधायचे.

मानांकनाची कल्पना आली ती परदेशातून, हे मान्य करायलाच हवे. 1973 च्या तेलसंकटानंतर पाश्चात्त्य देशांत इमारतींची ऊर्जा हा सरकारी धोरणाचा विषय झाला होता. 1990 साली ब्रिटनच्या इमारत संशोधन आस्थापनेने कार्यालयीन इमारतींसाठी ब्रीअॅम ही गुणपद्धती काढली. अमेरिकेत 1993 साली हरित इमारत परिषद स्थापन झाली, 1998 मध्ये तिच्या लीड पद्धतीची पहिली चाचणी आवृत्ती आली आणि 2000 मध्ये दुसरी. त्या दुसऱ्या आवृत्तीत एकूण 69 गुण होते. 26 गुणांना प्रमाणपत्र, 33 ला रौप्य, 39 ला सुवर्ण आणि 52 पासून वर प्लॅटिनम. पद्धत ऐच्छिक होती. जागेची निवड, पाणी, ऊर्जा, साहित्य आणि घरातली हवा अशी प्रकरणे करून प्रत्येक बाबीला गुण लावले होते, आणि प्रत्येक गुणासाठी पुरावा सादर करणे बंधनकारक होते. माझ्या मते पद्धतीचे बळ या शेवटच्या अटीत होते. रंगात हानिकारक बाष्पे कमी आहेत हे सांगून भागत नव्हते, उत्पादकाचे पत्र लागत होते. वीज वाचेल म्हणून चालत नव्हते, प्रमाणभूत इमारतीशी तुलना करणारे गणित जोडावे लागत होते. त्या गणितासाठी वास्तुविशारद, विद्युत अभियंता आणि वातानुकूलनाचा सल्लागार यांना आराखडा पक्का होण्याआधी एका टेबलाशी बसावे लागले. आपल्याकडे तोवर ही मंडळी एकामागून एक येत आणि एकमेकांच्या चुका झाकत काम उरकत.

भारतात हा विषय ठळकपणे उभा राहिला तो हैदराबादेत. भारतीय उद्योग महासंघ, तेव्हाचे आंध्र प्रदेश सरकार आणि पिरोजशा गोदरेज प्रतिष्ठान यांनी मिळून, अमेरिकी विकास संस्थेच्या तांत्रिक साहाय्याने, सोहराबजी गोदरेज हरित व्यवसाय केंद्र बांधले. सोहराबजी गोदरेज हे मुंबईच्या उद्योगजगतातले पर्यावरणाचे जुने कैवारी. वास्तुविशारद होते बडोद्याचे करण ग्रोव्हर. 2003 मध्ये या इमारतीला लीडचे प्लॅटिनम मानांकन मिळाले. अमेरिकेबाहेर असे मानांकन मिळवणारी ती पहिलीच इमारत, आणि 2004 च्या जुलैत तिचे उद्घाटन राष्ट्रपती अब्दुल कलाम यांनी केले. क्षेत्रफळ जेमतेम 20,000 चौरस फूट, म्हणजे एखाद्या मध्यम शाळेएवढे. रचनेत जाळी होती, मधला चौक होता, हवा गार करून आत घेणारे मनोरे होते, छताचा निम्म्याहून अधिक भाग बागेखाली होता आणि सांडपाणी वनस्पतींच्या मुळांमधून शुद्ध होत होते. यातली जाळी आणि चौक कुणाही भारतीय गवंड्याच्या ओळखीचे. लीडच्या यादीत मात्र जाळीला किंवा चौकाला नावाने एकही गुण नव्हता. त्यांचा फायदा मिळाला तो ऊर्जेच्या गणितात आणि दिवसा आत येणाऱ्या उजेडाच्या मोजणीत. पिढ्यान्‌पिढ्या वापरलेल्या युक्तीला इथे प्रथमच आकडा मिळाला, आणि आकडा मिळाल्यामुळे ती उद्योगपतींच्या बैठकीत मांडता आली. ही घटना व्यवसायाच्या दृष्टीने मोठी होती असे मला वाटते. 2001 साली स्थापन झालेल्या भारतीय हरित इमारत परिषदेने या केंद्रातून लीडची भारतीय आवृत्ती आणली, पुढे घरांसाठी आणि कारखान्यांसाठी स्वतःच्या पद्धती काढल्या आणि परीक्षा घेऊन मान्यताप्राप्त व्यावसायिकांची फळी तयार केली. परीक्षा, प्रमाणपत्र आणि व्हिजिटिंग कार्डावरची अक्षरे यांनी तरुण अभियंत्यांना या विषयाकडे खेचले. ज्ञानाची ओढ आणि नोकरीची ओढ यांत इथे फरक करायचे कारण नाही. व्यवसाय असेच शिकतात.

परंतु लीडची मुळे अमेरिकेत, जिथे कार्यालय म्हणजे वातानुकूलित कार्यालय हे गृहीतच होते. आपल्याकडच्या बहुसंख्य शाळा, रुग्णालये, वसतिगृहे आणि घरे पंख्यावर चालतात. ही उणीव ओळखून दिल्लीच्या टेरी या ऊर्जा संशोधन संस्थेने नवी पद्धत रचली आणि 2007 मध्ये केंद्राच्या नवीन व नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाने ती गृहा या नावाने राष्ट्रीय मानांकन म्हणून स्वीकारली. त्या पहिल्या आवृत्तीत 34 निकष होते, 100 गुण आणि वर चार जादा. 50 गुणांना एक तारा, 90 च्या पुढे पाच. आयआयटी कानपूरचे पर्यावरण विज्ञान व अभियांत्रिकी केंद्र ही पाच तारे मिळवणारी पहिली इमारत. गृहाचे वेगळेपण दोन गोष्टींत आहे. पंख्यावर चालणाऱ्या इमारतीत माणसाला बरे वाटते की नाही, हे ती वेगळ्या मापाने तपासते. आणि साइटवरच्या रोजच्या कामाला ती गुण देते. वरचा सुपीक मातीचा थर आधी काढून जपून ठेवला का, धूळ उडू नये म्हणून पत्रे उभारले का, मजुरांना पिण्याचे पाणी आणि शौचालय दिले का, बांधकामात पाणी जपून वापरले का, हे सगळे त्यात येते. शेवटची बाब महाराष्ट्रातल्या कंत्राटदाराला चटकन पटणारी आहे. स्लॅबवर वाफे करून पाणी सोडणे आणि कॉलमवर दिवसभर पाइप धरणे ही क्युरिंगची सवय टँकरच्या पैशांची नासाडी करते. कॉलमला ओले बारदान गुंडाळले तर थोड्या पाण्यात ते काम होते. ही गोष्ट मुकादमाला माहीत नव्हती असे नाही. ती कुणी विचारत नव्हते, नोंदवत नव्हते आणि तिचे श्रेय कुणाला मिळत नव्हते.

जाण कागदाच्या मागून येते या म्हणण्याला सगळ्यात बोलका पुरावा मानांकनाच्या थोडा बाहेरचा आहे, तो फ्लाय अॅशच्या विटेचा. औष्णिक वीज केंद्रांची राख विटांत वापरता येते हे संशोधकांना फार आधीपासून ठाऊक होते. कोराडी, चंद्रपूर, परळी, भुसावळ, एकलहरे अशी केंद्रे असलेल्या महाराष्ट्रात राखेला तोटा नव्हता. तरीही भट्टीची लाल वीट हलेना. 14 सप्टेंबर 1999 च्या केंद्रीय अधिसूचनेने औष्णिक केंद्रापासून 50 किलोमीटरच्या आत मातीच्या विटेत किमान 25 टक्के राख मिसळण्याची सक्ती केली. ही मर्यादा पुढे 100 आणि नंतर 300 किलोमीटरपर्यंत वाढली. अंमलबजावणी सुरुवातीला ढिली होती, पण दरसूचीत फ्लाय अॅश विटेची बाब आली, मानांकनात पुनर्वापर केलेल्या साहित्याला गुण मिळू लागले, आणि एका पिढीत ही वीट शहरांतल्या साइटवर नेहमीची झाली. आज तिच्याबद्दल कनिष्ठ अभियंत्याला व्याख्यान द्यावे लागत नाही.

हीच प्रक्रिया इमारतीच्या पातळीवर पिंपरी-चिंचवडमध्ये पाहता येते. महापालिकेने गृहा मानांकन स्वीकारले आणि ताऱ्यांच्या संख्येनुसार विकासकाला बांधकाम परवानगीच्या प्रीमियममध्ये, तर सदनिकाधारकाला मालमत्ताकरात सवलत देऊ केली. पुण्यातही त्याआधी इको-हाउसिंगच्या नावाने असाच प्रयत्न झाला होता. बांधणारा आणि बिल भरणारा यांच्यातली जी फारकत वर सांगितली, तिच्यावर या योजनेने दोन्ही बाजूंनी पूल घातला. विकासकाचा लाभ मंजुरीच्या वेळी, राहणाऱ्याचा दर वर्षी. याच काळात मंजुरीच्या इतर कागदांतही बदल होत होते. 2006 च्या पर्यावरण आघात अधिसूचनेने 20,000 चौरस मीटरच्या वरच्या बांधकामांना आगाऊ पर्यावरण मंजुरी लागू केली. मे 2007 मध्ये ऊर्जा संवर्धन इमारत संहिता आली. 2016 च्या राष्ट्रीय इमारत संहितेत शाश्वततेवर स्वतंत्र भाग आहे. डिसेंबर 2020 मध्ये मुंबई वगळून राज्यातल्या बहुतेक शहरांना लागू झालेल्या एकीकृत विकास नियंत्रण नियमावलीने तीन, चार आणि पाच ताऱ्यांना किंवा त्यांच्या समकक्ष श्रेणींना अनुक्रमे 3, 5 आणि 7 टक्के वाढीव एफएसआय (चटईक्षेत्र निर्देशांक) देऊ केला, आणि कबूल केलेला दर्जा गाठला नाही तर दंडाची तरतूद ठेवली. मराठी मुलखातल्या विकासकाच्या कार्यालयात या विषयाचा शिरकाव कसा झाला याचा शोध घेणाऱ्याने परिसंवादांच्या निमंत्रणपत्रिका चाळण्यापेक्षा ही नियमावली वाचावी. हवामानबदलावरचे भाषण ऐकून उठून जाणारा माणूस एफएसआयचा शब्द निघाला की वही उघडतो. यात मला त्याची क्षुद्रता दिसत नाही. ज्याची गुंतवणूक जमिनीच्या प्रत्येक चौरस फुटावर टांगलेली आहे, त्याच्याशी त्याच्याच हिशेबाने बोलणे हा शहाणपणा आहे.

लाभाचा हिशेबही आता पुरेसा स्पष्ट आहे. 2003 साली कॅलिफोर्निया राज्यासाठी ग्रेगरी कॅट्स यांनी 33 लीड इमारतींचा अभ्यास केला. त्यात सरासरी जादा खर्च 2 टक्क्यांच्या किंचित खाली आणि वीस वर्षांतला लाभ बांधकामखर्चाच्या सुमारे 20 टक्के निघाला. हे आकडे अमेरिकेचे आहेत, आणि त्यातला बराचसा लाभ कर्मचाऱ्यांचे आरोग्य व कार्यक्षमता यांच्या खात्यावर मांडलेला आहे, म्हणून ते जसेच्या तसे आपल्याकडे लावू नयेत. दिशा मात्र खरी आहे. आपल्याकडे वीज महाग, टँकरचे पाणी त्याहून महाग, आणि उन्हाळा लांब. सोसायटीचे सांडपाणी शुद्ध करून फ्लशला आणि बागेला वापरले तर बचत पहिल्या उन्हाळ्यातच सभासदांना कळते. पुण्यात हडपसरला ख्रिस्तोफर बेनिंजर यांनी रचलेला सुझलॉनचा वन अर्थ परिसर लीडचे प्लॅटिनम आणि गृहाचे पाच तारे अशी दोन्ही मानांकने मिळवून उभा आहे. उंच मनोरा टाळून, चौक आणि पाण्याभोवती बसकी रचना करून मोठ्या कंपनीचे मुख्यालय चालवता येते हे पाहायला विद्यार्थ्यांना आता परदेशी पुस्तक उघडावे लागत नाही.

या सगळ्यावर आक्षेप आहेत आणि त्यातले काही वजनदार आहेत. पहिला असा की आपले वाडे आणि कौलारू घरे मुळातच हरित होती, मग परक्या तक्त्यांची गरज काय? आक्षेपामागचा अभिमान रास्त आहे. पण वाडा उभा होता मुबलक सागवानावर, मुबलक जागेवर आणि एकत्र कुटुंबावर. एकरभर जागेत शंभर सदनिका द्यायच्या असतात तेव्हा चौक आणि जाड भिंत यांची नक्कल चालत नाही, त्यांच्यामागचे तत्त्व नव्या मापात उतरवावे लागते, आणि त्यासाठी मोजणी लागते. ज्या काळात आपल्याला परंपरा तोंडपाठ होती आणि मानांकन नव्हते, म्हणजे 1970 ते 2000 या काळात, त्या काळातच आपण पश्चिमेला तोंड करून उघड्या काँक्रीटच्या पेट्या बांधल्या. नुसत्या परंपरेने त्यांना अडवले नाही.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. मानांकनाचा फलक मिळतो आराखड्याला आणि अंदाजाला, वापराला नाही. अमेरिकेत 2008 साली 121 लीड इमारतींचा अभ्यास झाला, त्यात ऊर्जावापर सरासरी इमारतींपेक्षा 25 ते 30 टक्के कमी असल्याचा निष्कर्ष निघाला. पण इमारती-इमारतींत तफावत प्रचंड होती, काही तर सरासरीपेक्षाही वाईट होत्या, आणि जॉन स्कोफिल्ड यांनी त्याच आकड्यांवरून हा निष्कर्षच खोडून काढला. आपल्याकडे दिल्लीच्या विज्ञान आणि पर्यावरण केंद्राने काचेच्या पेटीला लागलेल्या हरित फलकांवर कडक टीका केली आणि वापराचे आकडे जाहीर करण्याची मागणी लावून धरली. ही टीका मला पूर्णपणे मान्य आहे. नोंदणी झालेले क्षेत्र आणि प्रमाणपत्र मिळालेले क्षेत्र या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि जाहिरातींत अब्जावधी चौरस फुटांचे आकडे येतात ते बहुधा नोंदणीचे. मात्र या टीकेतून मानांकन फोल ठरते असे मला वाटत नाही. टीकाकारांच्या हाती आकडे आले ते याच पद्धतीने आकडे मागायला सुरुवात केली म्हणून. आपल्याकडे साध्या इमारतीच्या वीजवापराची चौकशी फारशी कुणी केली नव्हती, त्यामुळे तिच्यावर टीकाही झाली नाही. अपेक्षा आणि वापर यांची तुलना करण्याची भाषा या क्षेत्रात मानांकनानेच आणली, आणि त्या भाषेत मानांकनाला जाब विचारता येतो हे तिचे यशच आहे.

कागद जिथे संपतो ती ठिकाणेही आता ओळखू येतात. पहिले ठिकाण भोगवटापत्राचे. ते हाती पडले की सल्लागाराचे काम संपते, आणि सांडपाणी प्रकल्प चालवायचा की बंद ठेवून वीज वाचवायची हा निर्णय सोसायटीच्या अशा समितीकडे जातो जिला त्या प्रकल्पाचा आराखडाही सुपूर्द झालेला नसतो. दुसरे ठिकाण लहान इमारतीचे. 2,500 चौरस मीटरच्या आतल्या बांधकामांसाठी स्वगृहा नावाची सोपी पद्धत आहे, पण तालुक्याच्या गावात तीन मजली इमारत बांधणाऱ्या अभियंत्याला ती घ्यायला ना सवलत पुरेशी आहे ना मागणी. महाराष्ट्रात बांधले जाते त्यातले फार मोठे काम या माणसाच्या हातून होते. तिसरे ठिकाण गवंड्याचे. एएसी ब्लॉकचे, म्हणजे हलक्या सच्छिद्र काँक्रीटच्या ठोकळ्याचे, वीटकाम पातळ थराच्या मसाल्यात करायचे असते. तो नेहमीच्या जाड सिमेंट-वाळूच्या थरात रचला की सांध्यातून उष्णता आत येते आणि गिलाव्याला तडे जातात. यू-व्हॅल्यूचे, म्हणजे भिंतीतून किती उष्णता आत येते याचे, गणित करणारा सल्लागार बिनचूक असतो, आणि भिंत उभी करणाऱ्याला ते गणित कधी दाखवलेलेच नसते. व्यावसायिकांमधल्या जाणिवेच्या पाहण्यांत गवंडी आणि मुकादम सहसा येत नाहीत. ही त्या पाहण्यांची मोठी त्रुटी आहे, कारण इमारतीचा शेवटचा निर्णय थापीच्या टोकावर होतो.

2022 च्या ऊर्जा संवर्धन दुरुस्तीने निवासी इमारतींनाही संहितेच्या कक्षेत आणण्याची वाट मोकळी केली, आणि विद्युतभाराची 100 किलोवॅटची मर्यादा कायम ठेवली. राज्याला मात्र ती खाली नेता येते. म्हणजे ऐच्छिक मानांकनाने वीस वर्षांत जे सवयीचे केले, ते आता किमान अट होण्याच्या मार्गावर आहे.  आपल्या राज्याने आता नगरपरिषदांच्या बांधकाम परवानगी विभागात हे गणित तपासू शकणारी माणसे नेमावीत, भोगवट्यानंतरच्या पहिल्या तीन वर्षांची वीज आणि पाण्याची बिले मालमत्ताकराच्या सवलतीशी जोडावीत, आणि दरसूचीत एएसी ब्लॉकच्या बाबीखाली पातळ थराचा मसाला व तो लावणाऱ्या प्रशिक्षित गवंड्याची मजुरी स्वतंत्र ओळीत लिहावी.